दांडीजवळचं कुंकू

परवा नातवानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा परदेशातला दाढीवाला माणूस लोखंड कातायचं गंजून गेलेलं जुनं लेथ खोलतोय, घासतोय, धुतोय, आणि शेवटी असा काही हिरवा रंग मारतोय की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. पोरगं खूश. म्हणालं, "आजी, तू पण हेच करायचीस ना?" मी म्हटलं, "बंद कर ते." त्याला वाटलं, म्हातारीचे डोळे दुखले. डोळे ठणठणीत आहेत माझे, मोतीबिंदू काढल्यापासून तर सुईत दोरा ओवते. पण तो माणूस जुना रंग खरवडायला लागला तेव्हा त्याच्या हातातली पट्टी हिसकावून घ्यावीशी वाटली. अरे बाबा, थांब की जरा. खाली काय आहे ते आधी कुणाला तरी दाखव. हे सगळं मी घरात कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना लग्नाआधी सांगायचं होतं, ते राहिलं, आणि एकदा राहिलं ते राहिलंच. आता हे गेले. मी बारामतीच्या ह्या फ्लॅटात खिडकीशी दिवसभर रिकामी बसते, तर लिहूनच टाकते.

आमचं घर अंथुर्ण्याला, रस्त्याच्या कडेला. पुढं पत्र्याचं शेड, मागं तीन खोल्या, आणि मध्ये एक दार, जे आई दिवसातून दहा वेळा लावायची आणि आबा, माझे वडील, दहा वेळा उघडं टाकायचे. शेडातला रॉकेल-थिनरचा वास त्या दारातून थेट चुलीपर्यंत यायचा. आईच्या हुलग्याच्या माडग्याला, शेंगदाण्याच्या चटणीला, सगळ्यालाच तो थोडाथोडा लागलेला असायचा. पाहुणे जेवताना थबकायचे, आम्हाला काही कळायचं नाही. आई म्हणायची, "माझ्या पोरीला सासरी गेल्यावर अन्न गोड लागायचं न्हाय, त्याला रॉकेलची फोडणी न्हाय म्हणून." आणि खरं सांगते, पहिले काही महिने नाहीच लागलं.

आबांचा धंदा जुनी मशीनं घ्यायची, नवी करायची आणि विकायची. कुणाचं वर्कशॉप मोडलं, कुणी म्हातारा झाला, कुणाची पोरं नोकरीला लागली, की आबांना निरोप यायचा. लेथ, ड्रिल, लोखंड कापायची करवत, असली धुडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून यायची. आली की महिना दीड महिना शेडात राहायची आणि मग एखादा नवा पोरगा स्वतःचं दुकान टाकायला ती घेऊन जायचा. तेव्हा आमच्या भागात ऊस दणकून वाढत होता, ट्रॉल्यांचे हूक तुटत होते, मोटारींचे शाफ्ट झिजत होते, त्यामुळं गावोगाव लेथवाला लागायचाच. आबांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक आधी डोळ्यानं घेतं आणि मग डोक्यानं. "वरनं नवरी दिसली पायजे," म्हणायचे. आतलं काम रज्जाकचाचांचं होतं. वरचं माझं.

रज्जाकचाचा आबांच्याहून वयानं मोठे, आमच्याकडचे फिटर. पांढरी खुरटी दाढी, कानावर पेन्सिल, आणि बोलणं अगदी मोजकं. गिअर, स्क्रू, बेअरिंग हाताच्या तळव्यानं चाचपून सांगायचे काय बिघडलंय. मी बारावीला दुसऱ्यांदा गटांगळी खाल्ली आणि घरी बसले, त्याच सुमारास आमचा रंगारी पुण्याला पळाला. एक दिवस चाचांनीच माझ्या हातात रंग खरवडायची पट्टी दिली. आईनं थयथयाट केला. पण माझा हात होता, हे मान्य करावं लागेल. जुना रंग लोखंड दिसेपर्यंत खरवडायचा, रॉकेलनं पुसायचं, खड्डे लांबीच्या लगद्यानं भरायचे, ती वाळली की घासून गुळगुळीत करायची, मग तांबडं प्रायमर आणि त्यावर दोन हात हिरवा रंग. पहिलंच मशीन मी असं काढलं की आबा त्याच्याभोवती दोन चकरा मारून आले आणि चहा प्यायला गेले. मला तेवढं पुरलं. पुढं बघायला पाहुणे यायचे तेव्हा माझी नखं हिरवी असायची. एका सासूबाईंनी विचारलं, "पोरगी काय करती?" आई म्हणाली, "भरतकाम." मी आतून फिसकन हसले ते बाहेर ऐकू गेलं, आणि ते स्थळ तिथंच मोडलं.

आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक मशीनवर एक गोष्ट हमखास असायची, दसऱ्याचं कुंकू. खंडेनवमीला हत्यारं पुजायची ती सगळीकडंच पुजतात. पण मशीनवर लावलेलं हळदकुंकू कुणी पुसत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी नवं लागतं. तेल उडतं, धूळ बसते, वर पुन्हा कुंकू. वीस वर्षांच्या मशीनवर कुंकवाचा चांगला जाड थर चढलेला असतो, आणि तो बहुतेक हँडलच्या आसपासच, कारण पुजणाऱ्याचा हात आपसूक तिथं जातो. रंगायच्या आधी तो थर काढावाच लागायचा. त्याआधी आबा नारळ फोडायचे, मशीनला हात जोडायचे आणि मला म्हणायचे, "हां, आता पूस." मग रॉकेलचा बोळा फिरवला की एका फटक्यात सगळं उतरायचं. कुंकू रॉकेलला टिकत नाही. हे मला आमच्या घरात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं, ते लक्षात ठेवा.

वरकुट्याच्या बाबूतात्यांचं लेथ आम्ही श्रावणात आणलं. तात्या छातीच्या दुखण्यानं गेले होते. त्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्या दुकानात भिंतीवर त्यांचा चष्मा खिळ्याला अडकवलेला होता, काचेवर लोखंडाचे बारीक कण चिकटलेले, तो तेवढा पाहिला. लेथ जुन्या पट्ट्याचं होतं. म्हणजे मोटार अखंड फिरायची, वर दोन चाकं, एक मोकळं आणि एक घट्ट. दांडी अलीकडं ओढली की पट्टा घट्ट चाकावर चढून मशीन चालू, पलीकडं ढकलली की पट्टा मोकळ्या चाकावर जाऊन मशीन बंद. चेनपुलीनं ते उचलून ट्रॉलीत घालत असताना पारूकाकू, तात्यांची बायको, हळदकुंकवाची वाटी घेऊन आली. दांडीच्या बुडाशी लोखंडाची वीतभर पट्टी होती, तिच्यावर थरावर थर चढलेलं कुंकू. तिथं काकूनं आणखी एक बोट लावलं आणि म्हणाली, "भाऊ, येवढं हितलं कुंकू पुसू नगा. आमचं मालक ह्याला कुणालाच हात लावू द्यायचं न्हाईत. मी नव्यानं लग्न हून आले तवा एकदा पुसलं, तर लई बोललं मला. कवा न्हाय ते बोललं." आबा म्हणाले, "न्हाय पुसत, काकू." माणूस गेलेल्या घरात जसं सगळ्यालाच हो म्हणतात, तसं म्हणाले. मी शेजारीच होते.

कळसच्या अंकुशनं ते मशीन रंगायच्या आधीच बघून ठरवलं होतं. चोवीस पंचवीसचा पोरगा, नुकतंच लग्न झालेलं. बोलायला लागला की थांबायचा नाही. दर आठ दिवसांनी सायकल मारत यायचा आणि "झालं का ओ ताई, झालं का?" करत माझ्या डोक्यावर उभा राहायचा. नवरात्रात दुकान सुरू करायचं म्हणून नेण्याचा दिवस ठरला. आदल्या आठवड्यात आबा इंदापूरला गेले होते आणि रज्जाकचाचा बेअरिंग आणायला बारामतीला. शेडात मी एकटी. सगळं मशीन घासून झालं होतं, राहिली होती ती दांडीखालची पट्टी. नारळ फोडायला आबा नव्हते. मी आपणच हात जोडले, काकूची मनातल्या मनात माफी मागितली, आणि बोळा फिरवला. कुंकू उतरलं. खाली आणखी तांबडं होतं, आणि ते उतरेना.

मी पुन्हा बोळा फिरवला. उतरेना. वाकून पाहिलं. बोटभर रुंदीची तांबडी रेघ होती, दोन्ही कडा सरळ, कागद चिकटवून मारतात तशा. तेलरंग होता. कुणीतरी तो नीट, मुद्दाम, मोजून मारला होता. आज मला ते इतकं स्वच्छ दिसतंय की बोट ठेवून दाखवीन म्हणावं, पण ते कसं खोटं आहे ते पुढं येईलच. त्या दिवशीही दिसलं. मनात आलं, चाचांना दाखवावं. चाचा संध्याकाळी येणार. संध्याकाळपर्यंत थांबलं तर लांबी उद्यावर, प्रायमर परवावर, आणि अंकुश तर डोक्यावर उभा. पुन्हा सगळं मशीन घासून लख्ख झालेलं, आणि मध्येच ती एक तांबडी घाण. खोटं कशाला बोलू, मला ती घाणच वाटली. मी खरवडायची पट्टी घेतली आणि बसले. खर्र, खर्र. चांगली घट्ट बसलेली होती. अर्धा तास गेला. शेवटी सांदीतला कणसुद्धा मी पत्र्याच्या टोकानं काढला. लोखंड आरशासारखं झालं तेव्हा उठले.

चार दिवसांनी चाचांनी मशीन चालवून बघितलं. हिरवा दुसरा हात अजून पुरता वाळलेला नव्हता, मी सगळ्यांना लांब उभं करत होते. त्यांनी दांडी मागंपुढं केली, मग खाली वाकले. दांडी जिथं अडकून राहते त्या खाचेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "खाच जराशी झिजलीया. धरतीय तशी." पुन्हा अंगठा फिरवला. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "शोभे, हितं काय खूण-बिण हुती का गं?"

मी म्हटलं, "न्हाय चाचा. कुंकू हुतं."

का म्हटलं? हा प्रश्न मी स्वतःला एवढ्या वर्षांत किती वेळा विचारला असेल. होती म्हटलं असतं तर त्यांनी तिथला रंग खरवडायला लावला असता, एवढंच. रंग ओला होता आणि माझ्या आजवरच्या कामात तो सगळ्यांत सुंदर लागला होता. आणि कुंकू होतं हे काय खोटं होतं? होतंच की. अर्ध्या खऱ्याला एक बरं असतं, ते बोलताना जीभ अडखळत नाही. चाचा "बरं" म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. पाव तास मशीन चाललं, झकास चाललं, आणि अंकुश ते घेऊन गेला.

दिवाळी होऊन गेल्यावर, एका दुपारी आम्ही जेवत होतो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कच्चा कांदा. कळसचा एक जण मोटारसायकलवरून दारात आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, "आबा, अंकुशचा हात गेला." पुरता गेला नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून आणि तिसरं अर्धं. सकाळपासून काम चाललेलं, मशीन तापलेलं. त्यानं दांडी बंद केली, काम पकडणारा चक थांबला, आणि तो मोजायला हात घालून वाकला तेव्हा ते आपलं आपण चालू झालं. "बंद मशीन, आबा! माझ्या डोळ्यांदेखत! कुणी हात सुदीक लावला न्हाय!" आबांच्या हातातला घास तसाच राहिला. मी पुढचा घास तोंडात घातला आणि चावत राहिले. चव आठवत नाही. पण थांबले नाही हे आठवतं.

मग जे व्हायचं ते झालं. बंद मशीन आपोआप चालू होतं याचा अर्थ आमच्या भागात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. तात्यांचा जीव मशीनमध्ये अडकलाय, परक्याचा हात त्यांना सहन होत नाही, असं आठवड्याभरात कळसपासून वरकुट्यापर्यंत झालं. पारूकाकूचा निरोप आला, "कुंकू पुसलं का?" आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी व्हय म्हणून मान हलवली. आबांचा चेहरा उतरला. तसे ते देवभोळे नव्हते, पण त्या दिवसापासून घाबरले. नारळ, खण, साडी घेऊन वरकुट्याला जाऊन काकूच्या पाया पडून आले. अंकुशकडं मशीनवरून उतारा टाकला, दांडीला लिंबू-मिरच्या बांधल्या, काळी बाहुली टांगली. आणि मला, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. कुंकू पुसल्याचा दोष होता तो माझ्याकडं चालत आला खरा, पण तो हलका होता. तो सगळ्या घराचा होता, नारळ देऊन फिटणारा होता. रेघेचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्या मेलेल्या माणसाच्या मागं लपले. त्याला भूत म्हणू दिलं, ज्या माणसानं दुसऱ्याचा हात वाचावा म्हणून कडा सरळ ठेवून रेघ मारली होती त्याला.

एकटे रज्जाकचाचा ते मानत नव्हते. ते कळसला जाऊन दोन तास त्या मशीनपाशी बसले आणि परत आले. म्हणाले, "भूत-बित काय न्हाय. दांडी सरकली. पण का सरकली ते घावत न्हाय मला. गार हाय तवर बरुबर ऱ्हाती." त्यांना अर्धं ठाऊक होतं, खाच झिजल्याचं. उरलेलं अर्धं माझ्याकडं होतं. दोन्ही जोडलं की लहान पोरालाही कळलं असतं. नुसती खाचेत टाकलेली दांडी बंद वाटते, पण पट्टा मोकळ्या चाकावर पुरता गेलेला नसतो. मशीन तापून थरथरलं की ती हळूहळू परत सरकते. खाचेच्या पुढं, तांबड्या रेघेपर्यंत ढकलली तरच ती खरी बंद. तात्यांना खाच बदलायला सवड झाली नसेल, त्यांनी रेघ मारली. बायकोला त्यांनी ते नीट सांगितलं नसेल, तिला वाटलं पूजेची जागा आहे. तिनं त्यावर पंचवीस दसरे कुंकू लावलं. आणि मी आले.

तेव्हापासून दिवसाउजेडी मला दांडी सरकल्याचा आवाज यायला लागला. आई दुपारी भाकऱ्या थापायची त्याची थप थप ऐकली की वाटायचं, पट्टा मोकळ्या चाकावरून उतरतोय. मी शेडात धावायची. शेडातली सगळी मशीनं बंद असायची, माझ्याच रंगानं हिरवीगार, आणि मी एकेकाच्या दांडीला हात लावून बघायची, मग पुन्हा बघायची. आई म्हणाली, पोरीला बाधा झाली. माझ्यावरूनही मीठमोहऱ्या उतरवल्या. मी उतरवून घेतल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. कुणी सहज "शोभे" म्हणून हाक मारली तरी मी हातातलं काम सोडून उभी राहायची.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला कळसची एक बाई घरी आली. आईशी बोलता बोलता म्हणाली, "अंकुशची बायकू लई धीराची. मंगल. ती हुबी ऱ्हाती आता लेथवर. त्यो खुर्चीवर बसून सांगतो, आन् ही करती. लोकं म्हणत्यात भुताटकीचं मशीन हाय, तर ती म्हणती, भूत काय घरी शिजवून घालणार हाय का?" आई हसली. मंगलला मी एकदाच पाहिलं होतं, मशीन न्यायला अंकुशबरोबर आली होती. माझ्याच वयाची. रंगावरून हात फिरवून म्हणाली होती, "ताई, लई गुळगुळीत केलंय हो." आता तिचा हात त्या चकात जात होता, रोज, मशीन तापलेलं असताना. हे मला त्या दिवशी कळलं. त्या दिवशी, संक्रांतीला. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी माझं लग्न ठरलं. सोयरिकीत बभ्रा नको, टिळा तेवढा होऊ दे, मग सांगू. टिळा झाला. मग साखरपुडा आला. कारण काढायला बसलं की कारणांना काही तोटा नसतो.

शिमग्याच्या आदल्या दिवशी रज्जाकचाचा काम करता करता मध्येच थांबले. हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले, "ती मंगल हुबी हाय म्हणं तितं. मला ग्वाड लागंना काय." आणि मग, "शोभे, एक इचारतो, रागावू नगं. नक्की कुंकूच हुतं ना गं तितं?"

मी दुसऱ्यांदा म्हटलं, "व्हय चाचा." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पाना उचलला. म्हाताऱ्याचं ते मान डोलावणं मला सोसलं नाही. माझ्यावर त्यांनी दोनदा विश्वास ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आई होळीच्या पुरणाला डाळ शिजवत होती, तेव्हा मी मागच्या दारानं निघाले. एसटीनं कळसला उतरले आणि विचारत विचारत गेले. लांबूनच लेथचा आवाज आला. पत्र्याच्या टपरीत मंगल उभी होती. पदर कमरेला खोचलेला, केस घट्ट बांधलेले, कोपरापर्यंत काळी. बाजूला खुर्चीवर अंकुश, उजवा हात मांडीवर उताणा. मला बघून हसला, "या की ताई! वाट चुकलासा जणू?" तीच बोलायची सवय. मंगलनं दांडी ढकलली. चक थांबला. ती हात पुढं नेणार इतक्यात मी ओरडले, "नगा घालू हात!" एवढ्या मोठ्यानं की रस्त्यावरचा एक जण थांबून बघायला लागला.

मग उभ्यानंच सगळं सांगितलं. रेघ, पट्टी, अर्धा तास, चाचांचं विचारणं, दोन्ही वेळचं. अंकुशनं डाव्या हातानं उजवा झाकला. मंगल पदरानं हात पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी बोटं चुकीनं गेली. बरं. चूक कुणाच्या बी हातनं हुती." मला वाटलं, सुटले. मग तिनं विचारलं, "मी हितं हुबी हाय, ह्ये कवा कळलं तुमाला?"

"संक्रांतीला."

"आज शिमगा हाय," ती म्हणाली.

तिनं मोटार बंद केली. पट्टा थांबला, टपरीत एकदम शांत झालं. लांब कुठं तरी पोरं होळीची बोंब मारत होती. खाच पुढं रज्जाकचाचांनी येऊन नवी करून दिली. त्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं, आणि त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, कशाचंच. पण ते नंतरचं. त्या वेळी मंगलनं दांडीवरच्या लिंबू-मिरच्या ओढून तोडल्या, करवतीचं एक तुटकं पातं माझ्या हातात दिलं आणि दांडीखालच्या पट्टीकडं बोट केलं. "दावा," म्हणाली. "कुठवर हुती रेघ? नेमकं दावा. माझा हात हाय."

मी खाली बसले. हिरव्या रंगावर बोट ठेवलं. मग थोडं पुढं सरकवलं. मग मागं आणलं. अंकुश पुढं वाकून बघत होता, मंगल माझ्या बोटाकडं बघत होती. मी पात्यानं रंग खरवडायला सुरुवात केली. हिरवा गेला, तांबडं प्रायमर गेलं, लांबी गेली. इथं नसेल तर तिथं असेल, काही तरी राहिलं असेल, एखादा ओरखडा, एखादी कड. सगळी वीतभर पट्टी मी उघडी केली. खाली नुसतं लोखंड होतं, लख्ख, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं. मी पुन्हा पहिल्यापासून खरवडायला लागले, तेव्हा मंगलनं माझ्या हातातलं पातं काढून घेतलं.